गावठी कोंबड्यांची औलाद घरच्या घरी सुधारता येते का? (अनुभव हवेत)

काजूवाडी | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात घर आहे, मागे काजूची कलमं आणि त्यात गावठी कोंबड्या. सध्या २२ कोंबड्या, ३ कोंबडे. आजीच्या वेळेपासून हीच औलाद, बाहेरून एक पक्षी आणलेला नाही असं आई अभिमानाने सांगते. पण गेल्या चार-पाच वर्षांत अंडी बारीक होत चाललीत, किचनच्या काट्यावर ३४-३५ ग्रॅम भरतात. पूर्वी एवढी लहान नव्हती म्हणते आई (तिच्या काळात सगळंच मोठं होतं ते सोडा). मागच्या महिन्यात खुडूक कोंबडीखाली १३ अंडी ठेवली, ६ पिल्लं निघाली. त्याआधी १२ मधून ५.

मला गिरिराज-बिरिराज असले संकरित पक्षी आणायचे नाहीयेत, आहे तीच औलाद निवडून निवडून चांगली करायची आहे. कुठला कोंबडा ठेवायचा आणि कुठल्या कोंबडीची अंडी उबवायची हे तुम्ही कशावरून ठरवता? घरचं सोपं काहीतरी सांगा, मशीन वगैरे नको.

बेरक्या | ९ फेब्रुवारी

औलाद सुधारून काय करणार, रस्सा तोच लागतो.

सांगलीचा_शिवा | ९ फेब्रुवारी

भाऊ उगाच डोकं कशाला लावतोय. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, मधे मधे खुडूक बसते, परत पिल्लं सांभाळत बसते. एखादा ऱ्होड आयलंड रेड ह्या विलायती जातीचा कोंबडा आणून सोड, पुढच्या वर्षी अंडी वाढलेली दिसतील. निवड करत बसलास तर तुझी पोरं कॉलेजला जातील तरी अंडं ३६ ग्रॅमचंच राहील. फक्त कुणी कडकनाथची स्कीम घेऊन आलं तर पळ काढ, २०१९ ला आमच्या भागात त्या नादात लोकांनी सोनं गहाण ठेवलेलं बघितलंय.

अक्का_जुन्नर | १० फेब्रुवारी

शिवा, हे आमच्या बचत गटाने करून झालंय म्हणून सांगते. आम्ही आठ जणींनी ऱ्होडचे कोंबडे सोडले होते. पहिल्या पिढीच्या तलंगांनी (तरुण कोंबड्यांनी) अंडी खरंच चांगली दिली, खोटं कशाला बोलू. पण त्या खुडूक बसेचनात. मग पिल्लं काढायची कशी? आमच्याकडे मशीन नाही आणि लाईट असते तेव्हा असते. दुसरं म्हणजे अंगाने जड, संध्याकाळी गावठी कोंबडी भुर्रकन चिंचेवर जाऊन बसते, ह्या खाली ओट्यावर. मुंगसाने एका पंधरवड्यात माझ्या पाच नेल्या.

आणि त्यांचीच अंडी पुढे उबवली तर काय निघालं, एक पिल्लू आईसारखं, एक बापासारखं, एक कुणासारखंच नाही. पहिल्या पिढीचं तेज दुसऱ्या पिढीत राहिलंच नाही.

ढोरडॉक्टर | १० फेब्रुवारी

अक्कांनी तीन वाक्यांत जे सांगितलं ते आम्हाला कॉलेजात एक सेमिस्टरभर शिकवलं होतं. संकर पहिल्या पिढीत जोर दाखवतो आणि पुढे फुटतो. बेंगळुरूची गिरिराज किंवा हैदराबादची वनराजा, ग्रामप्रिया, ह्या सगळ्यांचं तेच. पक्षी चांगले आहेत, परसात पाळायलाच काढलेत, पण त्यांची पिल्लं दर वेळी केंद्रातून आणायची असतात. घरी अंडी उबवून औलाद चालवायला ते नाहीत.

काजूवाडी, तुमच्या प्रश्नाकडे येतो पण आधी एक काम करा. पुढच्या वेळी न फुटलेली अंडी फेकू नका, २१ दिवस झाले की आणखी एक-दोन दिवस वाट बघा आणि मग फोडून बघा. आत नुसता बलक असेल, रक्ताची रेघसुद्धा नसेल, तर बहुतेक ते फळलेलंच नव्हतं, म्हणजे कोंबडा म्हातारा झालाय किंवा कमी पडतोय. आत पिल्लू धरून मेलेलं असेल तर गोष्ट वेगळी. निवडीचं नंतर बोलू.

आणि अंडी किती दिवस साठवली होती, कुठे?

काजूवाडी | १० फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब, तांदळाच्या डब्यात. दहा-बारा दिवस असतील. डबा चुलीच्या वरच्या फळीवर.

ढोरडॉक्टर | १० फेब्रुवारी

घ्या. अर्धी पिल्लं चुलीने खाल्ली.

उबवायची अंडी आठवड्याच्या आतली घ्या, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, टोक खाली. चुलीच्या उबेने गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो.

आबा_मावळ | ११ फेब्रुवारी

सगळे शास्त्र सांगतायत, मी एक साधा प्रश्न विचारतो. काजूवाडी, गटारीला घरात कुठला कोंबडा कापता?

काजूवाडी | ११ फेब्रुवारी

सगळ्यात मोठा. का आबा?

आबा_मावळ | ११ फेब्रुवारी

आणि मुंबईचे पाहुणे आले की? राखणीला? देवीला मानाचा? पोरीच्या सासरचे आले की?

सगळीकडे भरलेला, लाल तुऱ्याचा, तेजदार कोंबडा जातो. देवाला मरतुकडा चालत नाही आणि जावयाला तर त्याहून नाही. मग मागे कोण राहतं? जो कुणाच्या डोळ्यात भरला नाही तो. आणि पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तो. तुम्ही म्हणता आम्ही निवड केली नाही. अहो तीन पिढ्या निवडच चालली आहे, फक्त उलटी.

माझ्या वडिलांनी हे चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आमच्याकडे नियम होता, पिल्लं तीन महिन्यांची झाली की त्यातला चांगला नर आधी बाजूला काढायचा, त्याच्या पायात चिंधी बांधायची आणि चिंधीवाल्याकडे कुणी सुरी घेऊन बघायचं नाही. बाकीचे देवाला, पाहुण्यांना, सगळ्यांना.

बेरक्या | ११ फेब्रुवारी

आबा नमस्कार. रस्सा तोच लागतो हे विधान मागे घेतो.

गोंयकार_बाब | ११ फेब्रुवारी

+१ आबांना. आमच्याकडे पेडण्यातही हेच, देवस्थानाला जो जातो तोच सगळ्यात चांगला असतो.

माहेरवाशीण_एनजे | १२ फेब्रुवारी

मी न्यू जर्सीत चार कोंबड्या पाळते, पण आमच्या टाऊनमध्ये कोंबडा ठेवायची परवानगीच नाही, आरवतो म्हणून. त्यामुळे निवडीचा प्रश्नच संपला, दर वेळी एक दिवसाच्या माद्या विकत आणायच्या. त्यात एक गंमत कळली. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेवाली प्लायमाउथ रॉक कोंबडी अशी जोडी लावली तर निघालेल्या नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. पहिल्याच दिवशी कळतं. गावठीत असं काही करता येतं का?

ढोरडॉक्टर | १२ फेब्रुवारी

ताई, पट्ट्याचा गुण लिंगाच्या गुणसूत्रावर असतो म्हणून ते जमतं, आणि कोंबडीकडून तो फक्त तिच्या मुलग्यांना जातो. आपल्या गावठीत रंगांची इतकी खिचडी आहे की असा भरवसा नाही धरता येत.

आता मूळ प्रश्न. काजूवाडी, वही घ्या.

सगळे गुण रक्तातून सारखे उतरत नाहीत. अंड्याचं वजन, अंगाचं वजन हे आईबापाकडून बऱ्यापैकी उतरतं. त्यामुळे ३५ ग्रॅमचं अंडं ४० वर न्यायचं असेल तर सोपं आहे, मोठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचीच अंडी उबवा, तीन-चार पिढ्यांत फरक दिसेल. मोठं अंडं म्हणजे नेहमीचं मोठं, एखाद्या दिवशी येणारं दोन बलकाचं नव्हे, ते उबवायला घेऊच नका. वर्षाला अंडी किती, हे मात्र फार कमी उतरतं, त्यात खाणं, उन्हाळा, जंत, ऊन-पाऊस सगळं येतं. एखादीने यंदा ९० दिली म्हणून तिच्या लेकी ९० देतील असं नाही. तिथे एका कोंबडीवर न जाता घराणं बघायचं, म्हणजे ज्या कोंबडीच्या बहिणी आणि लेकी सगळ्याच बऱ्या देतात ती धरायची.

कोंबडा तर अंडी देतच नाही, मग त्याची निवड कशावर? त्याच्या आईवर आणि बहिणींवर. तुरा आणि शेपूट बघून कोंबडा निवडणं म्हणजे लग्नात नवऱ्याची फक्त मोटारसायकल बघणं. पण तोच महत्त्वाचा, कारण एका कोंबडीचे गुण तिच्या दहा-पंधरा पिल्लांत जातात आणि एका कोंबड्याचे सगळ्या कळपात.

आता नात्यातल्या जोड्या. तुमचे ३ कोंबडे कुठून आले?

काजूवाडी | १२ फेब्रुवारी

एकाच कोंबडीची पिल्लं तिघे. बाप जुना लाल कोंबडा, तो दोन वर्षांपूर्वी गेला. (कुठे गेला ते आबांना कळलं असेल.)

ढोरडॉक्टर | १२ फेब्रुवारी

म्हणजे तीन दिसतात पण रक्त एकच. हिशोब असा असतो, नर गुणिले माद्या गुणिले ४, भागिले नर अधिक माद्या. १ कोंबडा आणि २२ कोंबड्या म्हणजे उत्तर येतं ३.८, म्हणजे २३ पक्षी असूनही कळप चारच पक्ष्यांचा असल्यासारखा वागतो आणि दर पिढीला जवळजवळ १३ टक्के रक्त आपसात मिसळतं. खरोखर वेगवेगळ्या घरचे ३ कोंबडे असतील तर उत्तर १०.६ आणि ते प्रमाण ५ टक्क्यांच्या आत येतं. कोंबड्या वाढवून फार फरक पडत नाही, कोंबडे वाढवून पडतो. आपसात फार झालं की पहिला मार बसतो तो अंडी फुटण्यावर आणि पिल्लं जगण्यावर.

तेव्हा पहिली निवड अशी करा की दोन कोंबडे बाहेरचे आणा. गावठीच, पण दुसऱ्या खोऱ्यातले, शेजारच्या वाडीतले नकोत कारण ते तुमच्याच आजीने दिलेल्या अंड्यांचे असणार.

सांगलीचा_शिवा | १३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणजे शेवटी बाहेरचाच कोंबडा आणायचा ना? मग मी काय वेगळं सांगत होतो?

अक्का_जुन्नर | १३ फेब्रुवारी

अरे शिवा, सून गावातली नको म्हणजे लंडनची आण असं नाही होत.

शिवा_नाही_सांगलीचा | १३ फेब्रुवारी

😂😂 अक्का रॉक्स

पिवळे_पाय | १३ फेब्रुवारी

अवांतर आहे पण राहवत नाही. गावठी कोंबडीचे पाय पिवळे असतात ना, तो गुण कोंबडीचा मूळचा नाही. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचा गुण आला राखाडी रानकोंबड्याकडून, म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो तो. २००८ साली जनुकं तपासून हे निघालं. म्हणजे अमेरिकेतल्या फार्मवरच्या पिवळ्या पायाच्या कोंबडीतही ह्या रानकोंबड्याचा तुकडा आहे. मला हे कळलं तेव्हा मी अर्धा तास खुराड्यासमोर बसून होतो, बायकोला वाटलं मला ताप आहे.

आबा_मावळ | १३ फेब्रुवारी

आमच्याकडे रानकोंबडा गावातल्या कोंबड्यांत येऊन जातो असं जुने लोक सांगायचे. आम्ही थाप समजायचो.

खुराडेकर | १५ फेब्रुवारी

मी लातूरकडे सहा वर्षं निवड करतोय, ४० च्या आसपास पक्षी. चुका सांगतो, उपयोगी पडतील.

पहिली चूक, रंगावर निवड केली. पांढऱ्या कोंबड्या छान दिसतात म्हणून पांढऱ्याच ठेवत गेलो. तिसऱ्या वर्षी घारीने जवळजवळ सगळी पांढरी पिल्लं उचलली, मातकट तपकिरी आहेत ती झुडपात दिसत नाहीत ती वाचली. घार माझ्यापेक्षा चांगली निवड करते हे तेव्हा कळलं.

दुसरी चूक, सगळ्यात मारकट कोंबडा ठेवला. वाटलं रुबाबदार आहे, मुंगसाला भिडेल. मुंगसाला नाही भिडला, माझ्या पोराच्या डोळ्याजवळ टोचलं. त्याची पोरंही तशीच निघाली. हा स्वभाव रक्तात उतरतो हो. अमेरिकेत म्यूर नावाच्या माणसाने पिंजऱ्यातल्या कोंबड्यांवर हेच केलं होतं, एकेक कोंबडी न निवडता ज्या पिंजऱ्यातल्या सगळ्या मिळून चांगल्या नांदल्या तो अख्खा पिंजरा निवडायचा. काही पिढ्यांतच एकमेकींना टोचून मरण्याचं प्रमाण ६८ टक्क्यांवरून ९ च्या आसपास आलं. तेव्हापासून मारकट पक्षी माझ्याकडे कढईत जातो, कितीही देखणा असो.

कुठली कोंबडी अंडी देते ते ओळखायला माझी पद्धत, ढुंगणाजवळची दोन हाडं असतात त्यात बोटं ठेवून बघायची. दोन-तीन बोटं मावली तर अंड्यावर आहे, एकच मावलं तर बंद आहे. तुरा लाल आणि मऊ. पिवळ्या पायाच्या कोंबडीचे पाय आणि चोच अंडी देता देता फिकट पडतात, म्हणजे हंगामाच्या शेवटी जिचे पाय अजून हळदीसारखे पिवळे आहेत तिने फुकट खाल्लंय.

बेरक्या | १५ फेब्रुवारी

शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसलाही लागू.

नवीन_पाळणारी | १६ फेब्रुवारी

खुडूक कोंबडीच्या नाकात पीस घालतात म्हणजे ती उठते, असं आमच्या शेजारच्या काकू सांगतात. खरं का? आणि खुडूक कमी बसणाऱ्याच निवडल्या तर अंडी वाढतील ना?

ढोरडॉक्टर | १६ फेब्रुवारी

पीस घालू नका, उगाच छळ आहे. खाली हवा लागेल अशा जाळीच्या पेटीत तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी द्या, उठते.

खुडूकपणा रक्तात उतरतो, त्यामुळे तो काढत गेलात तर अंडी वाढतील हे खरं. पण सगळ्याच काढल्या तर अक्कांसारखं होईल, अंडी भरपूर आणि बसायला कुणी नाही. घरच्या कळपात पाचातली एक चांगली बसणारी मुद्दाम सांभाळा. चांगली बसणारी म्हणजे २१ दिवस न उठणारी आणि पिल्लं घेऊन मांजरावर धावून जाणारी, नुसती फुगून खुराड्यात जागा अडवणारी नव्हे.

आणि लसीचं विसरू नका रे. एका मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) साथीत दहा वर्षांची निवड आठवड्यात जाते. आठवड्याच्या पिल्लाला लासोटा, आठव्या आठवड्यात आर टू बी, ह्या दोन्ही मानमोडीच्या लशी, आणि देवी रोगाची लस मधे.

सांगलीचा_शिवा | १६ फेब्रुवारी

पण साथीत जे वाचले तेच खरे टणक ना डॉक्टर? त्यांचीच औलाद ठेवायची, लस कशाला?

ढोरडॉक्टर | १६ फेब्रुवारी

चाळीसातले दोन वाचले आणि ते दोन सख्खे भाऊ निघाले तर काय करणार? मानमोडीवर लस द्या आणि निवड जंत, उन्हाळा, सर्दी ह्यावर करा.

काजूवाडी | २ मार्च

मंडळी, सगळ्यांचे आभार. न फुटलेली ७ अंडी फोडली, ३ नुसती, ४ मधे पिल्लं धरून मेलेली. डॉक्टर म्हणाले तसं दोन्ही आहे. मंडणगडच्या पुढून एका आजींकडून कोंबडा आणला, त्यांच्याकडची अंडी ४२ ग्रॅमची आहेत, काटा घेऊनच गेलो होतो, आजी हसत होत्या. दुसरा चिपळूणच्या बाजूचा. आपल्या जुन्या तिघांतला एक ठेवलाय. तीन वेगळे वाडे जाळीने केले, प्रत्येकात सात-आठ कोंबड्या. पुढच्या वर्षी पहिल्या वाड्यातले नर दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले पहिल्यात, माद्या जागच्या जागी, असं फिरवायचं ठरवलंय.

अंड्यांचे आकडे कालनिर्णयवर लिहितो. आई म्हणते दुधाचा हिशोब कुठे लिहू.

ढोरडॉक्टर | २ मार्च

उत्तम. कोंबडे बदलल्यावर तीन आठवडे उबवायला अंडी घेऊ नका. कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. नाहीतर बाप एक आणि वहीत दुसरा.

काजूवाडी | २४ जुलै

धागा वर काढतोय, इमर्जन्सी आहे.

मंडणगडचा कोंबडा, लाल रिंगवाला, ज्याच्यासाठी दीड तास गाडी चालवली होती. एप्रिलच्या उबवणीत त्याच्या वाड्यात ११ मधून ९ पिल्लं निघाली होती, ३ मुंगसाने नेली. उरलेल्यांत फक्त एक नर आणि तो एका डोळ्याने आंधळा. काल गटारी होती, मुंबईहून मामा आले, मी खेडला बँकेत. घरी आलो तर पानात तो. आई म्हणाली, तू रिंग घातलीस म्हणून मला वाटलं हाच कापायला बाजूला काढलाय.

आबा_मावळ | २४ जुलै

अरेरे. चूक माझी, चिंधीचा अर्थ घरात सगळ्यांना सांगायचा असतो हे लिहायचं राहिलं.

बेरक्या | २४ जुलै

श्रद्धांजली. रस्सा कसा झाला होता?

काजूवाडी | २४ जुलै

वाईट वाटतं सांगायला पण अप्रतिम.

ढोरडॉक्टर | २४ जुलै

रडत बसू नका, उलट घाई करा. त्या वाड्यात दुसरा कोंबडा सोडलात का?

काजूवाडी | २४ जुलै

नाही, रिकामाच आहे.

ढोरडॉक्टर | २४ जुलै

मग सोडू नका. मार्चमधे जे सांगितलं होतं तेच आता उपयोगी पडेल. कोंबडा गेला तरी त्याचं बीज कोंबड्यांच्या पोटात आहे. पुढचे आठ-दहा दिवस येणारी बहुतेक अंडी त्याचीच फळलेली असतील, मग हळूहळू कमी होत जातील. रोज गोळा करा, तारीख टाका, गार जागी ठेवा आणि खुडूक कोंबडी तयार ठेवा.

अक्का_जुन्नर | २५ जुलै

पेन्सिलने लिही रे, पेनाने नको. आणि चुलीवरच्या फळीवर ठेवू नकोस!

काजूवाडी | २ ऑगस्ट

अपडेट. नऊ दिवसांत २३ अंडी जमली. एक तडकलेलं निघालं, २२ दोन खुडूक कोंबड्यांखाली अकरा-अकरा ठेवली, काल रात्री. चिपळूणवाल्याच्या वाड्यातली एक कोंबडी नेमकी परवाच बसली, नशीब.

मामा फोनवर विचारत होते की दिवाळीला आलो तर कोंबडा असेल ना. आईनेच उत्तर दिलं, असेल, पण रिंग नसलेला. अंडीही तीच गोळा करत होती, मी उठायच्या आधी. प्रत्येक अंड्यावर तारीख आणि खाली बारीक अक्षरात 'लाल'.